एका जांभईएवढा खंड

निवृत्त झाल्यापासून मला दुपारची झोप लागायला लागली आहे आणि त्या झोपेत पुन्हा पुन्हा एकच स्वप्न पडतं. कुणीतरी मला गादीसकट उचलून शेजारच्या खोलीत नेतंय, इतक्या अलगद की माझी झोप मोडू नये. आणि मी झोपेतच त्यांना बजावते आहे, "नेऊन ठेवलंत की सांगा हं, मी तपासणार आहे." माझे यजमान म्हणतात, बायकांना स्वप्नात माहेर दिसतं, हिला ऑफिस दिसतं. त्यांचं काही चुकत नाही. झोपलेल्याला न उठवता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येतं की नाही, हे तपासण्यात माझी उभी नोकरी गेली.

म्हैसूरला आम्ही बदलीवर आलो ते इथलेच झालो. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका हमखास विचारायच्या, "तू नेमकं करतेस तरी काय गं?" मी सांगायला लागले की दुसऱ्या वाक्याला त्यांचे डोळे जड व्हायचे आणि तिसऱ्याला कुणीतरी तिळगूळ पुढे करायचं. मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हाच मी ठरवलं, यावेळी त्यांना झोपू द्यायचं नाही.

तर असं असतं. एका दांडग्या सर्व्हरच्या पोटात पुष्कळ छोटे छोटे कॉम्प्युटर चालू असतात. हात लावून दाखवावेत असे ते नसतातच, पण प्रत्येकाला वाटतं आपण खरे, स्वतंत्र, आपल्या घरचे मालक. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आम्ही लाडाने व्हीएम म्हणतो. कधी खालचा सर्व्हर म्हातारा होतो, कधी त्याची दुरुस्ती निघते. मग आतल्या व्हीएमला चालू कामासकट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं. बंद करायचं नाही, थांबवायचं नाही. याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात.

हे कसं करतात? समजा, मास्तर फळ्यावर लिहीत आहेत आणि तो फळा तुम्हाला शेजारच्या वर्गातल्या फळ्यावर जसाच्या तसा उतरवायचा आहे. मास्तरांना थांबवायची सोय नाही. तुम्ही शेवटच्या ओळीला येईपर्यंत त्यांनी वरच्या दोन ओळी पुसून दुसरंच लिहिलेलं असतं. मग बदललेल्या ओळी पुन्हा उतरवायच्या. असं करता करता फरक अगदी थोडा उरला, की मास्तरांचा हात क्षणभर धरायचा, उरलेलं भरभर उतरवायचं आणि त्यांना नव्या फळ्यासमोर उभं करायचं. त्यांनी पुढचं अक्षर लिहायला घ्यावं आणि आपला वर्ग बदलला हे त्यांना कळूसुद्धा नये. फळा म्हणजे मशीनची मेमरी, आणि मास्तर म्हणजे त्यात चाललेलं काम.

आमची कंपनी हे हलवण्याचं सॉफ्टवेअर बनवायची आणि ते नीट हलवतंय का हे पाहणाऱ्या टेस्ट मी लिहायचे. माणूस बसवून तपासायचं म्हटलं, तर जेवणानंतर तो कंटाळतो आणि न बघताच "ठीक आहे" म्हणतो. म्हणून तपासणारासुद्धा एक प्रोग्रॅमच. तो व्हीएम उभी करतो, तिला काम लावतो, हलवतो, मग तिला प्रश्न विचारतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सगळं जमलं तर पडद्यावर हिरवं, नाहीतर लाल. कला असते ती दोनच ठिकाणी: काम कसलं लावायचं आणि विचारायचं काय. बाकी हमाली.

या धंद्यात कौतुक म्हणून वाट्याला येत नाही. सुईणीला निदान बाळ तरी दाखवता येतं. आमचं काम उत्तम झालं म्हणजे काहीच घडलं नाही, आणि काहीच घडलं नाही त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानतो?

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एका रेशीम कारखान्याचे साहेब त्यांची मशीन हलत असेल तेवढा वेळ केबिनमध्ये उभेच राहत. बसलो आणि धक्का लागला तर, म्हणत. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची अट होती की काहीही झालं तरी राहुकाळात मशीन हलवायची नाही. माझा कामातला जोडीदार गिरीश हा बेट्टदपुरचा, डोंगरावरच्या देवळाच्या सावलीत वाढलेला, अतिशय शांत माणूस. त्याने एक अक्षर न बोलता आमच्या टेस्टमध्ये राहुकाळ टाळायची सोय करून दिली. वाराप्रमाणे वेळ बदलते, तीही त्याने बसवली. मी हसले. तर म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक घाबरलेलं नसेल तर मशीन निम्मी हललेलीच असते." आम्ही आपसात कन्नड आणि इंग्रजीची मिसळ बोलायचो, इथे मी मराठीत लिहिते आहे, पण तो शांतपणा काही उतरवता येत नाही.

यमुनाक्कांचं काम गिरीशनेच माझ्यापुढे ठेवलं.

म्हैसुरातल्या एका संशोधन संस्थेत आमचं सॉफ्टवेअर एका जुन्या सर्व्हरवर चालत होतं. सर्व्हरचे पंखे घरघरत होते, डिस्क जायच्या बेतात होती. त्यावरच्या सगळ्या मशीन बंद करून नव्या सर्व्हरवर नेल्या होत्या. एक सोडून. ती एक बंद करायला संस्थेतल्याच एका कर्मचाऱ्याची विधवा तयार नव्हती. "तुमची भाषा बोलतात त्या," गिरीश म्हणाला. "तुम्हीच जा, मॅडम."

त्यांचं घर कृष्णराजनगरच्या वाटेवर होतं. बसमधून उतरलं की भातखाचरांच्या बांधावरून चालायचं, आणि मग एकदम तळं लागतं. मी गेले तेव्हा उन्हं वर आली होती तरी पाण्यावरचं धुकं गेलेलं नव्हतं. तळं होतं की नव्हतं हे ठरवता येऊ नये असं ते दिसत होतं. तळ्याला पाठ लावून एक बुटकं कौलारू घर. दारात यमुनाक्का उभ्या होत्या, ठेंगण्या, गोऱ्या, केसांत मल्लिगेच्या गजऱ्याचा एवढासा तुकडा.

"या की, बसा. बसनं आलात? अय्यो, एवढ्या लांब सुम्मने, उगीच, त्रास तुम्हाला." त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेलं. सासरचं शिंप्याचं दुकान, घरात विठ्ठलाचा फोटो. त्यांचे यजमान पांडुरंगराव दुकानात रमले नाहीत. संस्थेत उपकरणं दुरुस्त करायला लागले आणि रिकाम्या वेळात त्यांनी हा एक उद्योग मांडला. तळ्यातल्या एका खांबावर त्यांनी माइक लावला, दुसरा घराच्या वळचणीला. दोन्हींतला आवाज तारेने म्हैसूरच्या त्या मशीनपर्यंत जायचा. मशीन ऐकायची आणि शिकायची. कोणता आवाज कुणाचा, हे तिचं तीच ओळखायला शिकली होती.

पुढच्या खोलीत एक पडदा होता, काळाभोर, आणि त्यावर ठिपके. तळ्याकाठचा एकेक ओळखीचा आवाज म्हणजे एकेक ठिपका. आवाज आला की तो उजळायचा आणि मग हळूहळू विझत जायचा. आम्ही नुसत्या बघत बसलो. बाहेर टिटवी ओरडली की आत वरच्या बाजूला उजेड व्हायचा. बेडूक बोलला की खाली.

"हे भारद्वाज. हे पाणकोंबडी. हे बदकं रात्री येतात ती, आता झोपलीत बघा."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

त्या हसल्या. उठून दाराशी गेल्या आणि बाहेर कुणीतरी असल्यासारखी हाक मारली, "या, कॉफी झाली!" मी दचकून मागे बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. पडद्यावर मध्यभागी एक ठिपका झगझगीत पेटला.

"रोज हाक मारायची मी, ह्यांना तळ्यावरून बोलवायला. अजून मारते. मोडवत नाही." मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात, अगदी खाली, बोट ठेवलं. तिथे काही आहे हे मला बराच वेळ दिसलंच नाही. नजर बसल्यावर एक फिकट ठिपका दिसला. "हे ते. त्यांचा खोकला. आवाज येत नाही म्हणून स्वल्प मंद झालंय. पण जात नाही ते. एकदा शिकलं की टाकून द्यायचं नाही, असं त्यांनीच केलंय त्यात."

मग मला सगळा प्रकार कळला. मशीन जे शिकली होती ते फक्त तिच्या मेमरीत होतं, चालू आहे तोवर. ते कुठेतरी जपून ठेवायची सोय पांडुरंगराव करणार होते. उद्या करतो, उद्या करतो म्हणत ते अचानक गेले. मशीन बंद झाली की ती सगळं विसरणार, अगदी कोरी होणार. शिकलेलं सर्व्हरवर लिहून ठेवून मग बंद करावं, तर डिस्कचा भरवसा नव्हता. संस्थेतले लोक चांगले होते. त्यांनी सांगितलं, बाई, नव्या मशीनवर नव्याने सुरू करू, वर्षभरात पुन्हा शिकेल.

"शिकेल की," यमुनाक्का म्हणाल्या. "पाखरं पुन्हा ओरडतील, ते शिकेल. ह्यांचं कोण खोकणार?"

त्या ठिपक्यातून खोकला काही ऐकू येणार नव्हता. मशीनला फक्त त्याची ओळख होती. पण ती ओळख सबंध जगात त्या एकाच जागी शिल्लक होती आणि ती जागा घरघरत्या पंख्यांखाली होती. मशीन चालू ठेवून हलवणं एवढा एकच रस्ता उरत होता, म्हणजे आमचा.

निघताना मी सहज म्हणायला गेले, "एकटीला जड जात असेल ना हो..." त्यांनी पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि वर वळचणीकडे दाखवलं. "तसलं इथं नको," त्या हळूच म्हणाल्या.

"शब्द नाही कळत हो मशीनला," मी म्हटलं. "नुसता आवाज ओळखते."

"ठाऊक आहे की. पण ते ऐकतात ना. न्हाणीघरात बोलले तरी माझं ठिपकं लागतं. ह्या घरात त्यांना ऐकू जात नाही अशी जागाच नाही." आणि स्वतःच खुदकन हसल्या. मीही हसले. मला वाटलं, म्हातारपणीचं लाडिक वेड आहे एक. मी तेव्हा एवढंच समजले.

मग माझे पुढचे दिवस फार सुखाचे गेले. नोकरीतले इतके सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत. त्या मशीनची एक जुळी बहीण मी आमच्या प्रयोगशाळेत, तसल्याच जुन्या सर्व्हरवर आणि तारेवर, उभी केली. तिला शिकवायला तळ्याचे आवाज हवेत म्हणून रेकॉर्डर घेऊन मी काठावर जाऊन बसायचे. पगार घेऊन पहाट ऐकायची! अंधार पातळ व्हायला लागला की एक पाखरू चाचपडत बोलायचं, मग दुसरं, आणि मग सगळं तळंच उकळायला लागायचं. उन्हं चढली की एकेक आवाज गळत जायचा. भर दुपारी नुसतं पाणी काठाला लागल्याचा आवाज, दूरवर कुणाचा तरी पंप, आणि माझे डोळे मिटत चाललेले.

हे आवाज मी जुळ्या मशीनला ऐकवले आणि ऐकवता ऐकवता तिला एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं. पहाटेचा आवाज लावला की हलवणं संपायचंच नाही. इतकी पाखरं एकदम बोलायची, इतके ठिपके बदलायचे, की मास्तर लिहितायत भराभर आणि आम्ही मागे धापा टाकतोय. दुपारचा आवाज लावला, तर पहिल्या झटक्यात पार. मी यमुनाक्कांना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी सांगितलं असतं की. दुपारी जेवण झाल्यावर तळं झोपतं. तेव्हाच उचला." राहुकाळ सोडून दुपार पक्की झाली.

हलवून झाल्यावर टेस्ट त्या मशीनला विचारायची: सगळे ठिपके आहेत? आहेत. मंदातला मंद तसाच आहे? आहे. मध्ये कुठे थांबलीस? नाही. एकही क्षण ऐकायचा राहिला? नाही. हिरवं, हिरवं, हिरवं. गिरीशने सगळ्यांसाठी मद्दूर वडे आणले. मी एक वडा खाऊन, एक पिशवीत घालून, ही बातमी स्वतः सांगायला यमुनाक्कांकडे निघाले.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. कालव्याचा पूल आला तसे मी डोळे मिटले, उघडले तर म्हैसूर. शेजारी एक बाई मांडीवर केळीच्या पानांचा भारा घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, आज गाडीने चांगलंच पळवलं, कुठे थांबलीसुद्धा नाही. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. टायर फुटला होता. सगळे खाली उतरले होते. लोकांनी चहा प्यायला, एकाचं कंडक्टरशी भांडण झालं, टायर बदलून झाला. "काय झोप हो तुमची!" ती कन्नडमध्ये म्हणाली, आणि पुढच्या बाकावरच्यांना हे सांगून सगळी मिळून हसली.

मी स्टँडवर उतरले ती तशीच उभी राहिले. देवाशप्पथ सांगायला मी तयार होते की बस थांबली नाही. कोर्टात सांगितलं असतं!

आणि आमच्या टेस्ट गेले कित्येक दिवस हेच करत होत्या. थांबलीस का, हे आम्ही मशीनलाच विचारत होतो. ती थांबते तेव्हा तिचं घड्याळही थांबतं. तिचं ऐकणं, मोजणं, सगळं एकदम थांबतं आणि एकदम सुरू होतं. तिला कसं कळावं? झोपलेल्याला हलवून विचारायचं, तुला झोप लागली होती का रे, आणि तो नाही म्हणाला की त्यावर शिक्का मारायचा. ही चूक करायला माणूस चांगला शिकलेला आणि आपल्याच कामात पुरता बुडालेला असावा लागतो. मी गिरीशला हे सांगितलं. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

साक्षीदार बाहेरचा हवा. आम्ही आवाज येतो त्याच तारेवर दुसरा एक कॉम्प्युटर बसवला, जो काही हलवत नाही, काही शिकत नाही, स्वतःचं घड्याळ घेऊन जागा बसतो आणि ऐकलेलं नोंदवतो. टेस्ट पुन्हा चालवल्या. पडदा लालभडक! मशीन थांबत होती, आणि नुसती क्षणभर नाही. जुना सर्व्हर, जुनी तार. शेवटचं उतरवून घ्यायला मास्तरांचा हात चांगला एका जांभईएवढा वेळ धरून ठेवावा लागत होता.

मला ते फार लागलं. जांभई म्हणजे आमच्या धंद्यात युग. मी यमुनाक्कांना फोन केला, म्हटलं, मध्ये खंड पडेल, एका जांभईएवढा. पण मला थोडे आठवडे द्या, मी तो पापणी लवण्याएवढा करून देते.

त्यांनी विचारलं, "त्या वेळात काहीच ऐकू येत नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"साकु, पुरे. आहे तेवढं असू दे. आणखी कमी नका करू." आणि वर, "फक्त कधी थांबतं ते मला सांगायचं बरं का. त्या वेळेला. फोनवर."

देवाला हात जोडायचे असतील, मी मनात म्हटलं. डिस्कही थांबायला तयार नव्हती. तारीख ठरली. आदल्या दिवशी संस्थेच्या लोकांना खंडाची गोष्ट कळली आणि ते कुरकुरले. त्यांना तळ्याची नोंद अखंड हवी होती. गिरीशने तोड काढली. साक्षीदाराने मधला आवाज धरून ठेवलेला असतोच. मशीन नव्या घरी जागी झाली की तेवढा तुकडा तिला ऐकवायचा. उशिरा ऐकेल, पण ऐकेल, काही राहणार नाही. झकास कल्पना होती. आम्ही ती टेस्टच्या शेवटी बसवली: तुकडा ऐकवला की मगच हिरवं.

त्या दुपारी संस्थेच्या सर्व्हरच्या खोलीत थंडगार गुणगुण भरून राहिली होती. अशा खोलीत मला नेहमी वाटतं, आपण कुणाच्या तरी झोपेत शिरलो आहोत. मेमरीचा फरक कमी होत गेला. आणखी कमी. शेवटचं पाऊल माझ्या हातात ठेवलं होतं. मी फोन लावला. "यमुनाक्का, आता."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला. मी बटण दाबलं.

तळ्याचे तेच ठिपके इथल्या पडद्यावरही लावून ठेवले होते, ते गोठले. आणि मग, नव्या सर्व्हरवरून, पाण्याचा एक ठिपका हलकेच लागला. टिटवी. मग यमुनाक्कांचा; त्या कॉफीची हाक मारत असणार. मी खाली कोपऱ्यात पाहिलं. नजर बसायला वेळ लागला. होता. फिकट, जसा होता तसाच. जुना सर्व्हर आता रिकामा होता आणि त्याचे पंखे उगीच घरघरत होते. गिरीशने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला हुंदका आला आणि मी तो शिंकेवर नेला.

शेवटचं काम उरलं. तुकडा ऐकवण्याआधी त्यात नुसती खरखर तर नाही ना, हे पाहायला मी तो स्वतः ऐकणार होते. हेडफोन कानाला लावला. वारा. काठाला लागणारं पाणी. दूरचा पंप. आणि मग अगदी जवळून, वळचणीच्या माइकखाली उभं राहून बोलल्यासारखा, यमुनाक्कांचा आवाज:

"अहो, दमले मी आता."

एवढंच. पुन्हा पाणी, आणि तुकडा संपला.

मी हेडफोन काढला नाही. हा खंड बुजवायला मी उभी हयात घालवली होती. तो जितका लहान तितकी माझी शाबासकी. आणि एक बाई तळ्याकाठी हा खंड पडायची वाट बघत बसली होती, वर्षानुवर्षं मनात धरलेलं एवढंसं वाक्य घेऊन. सांगायचं तर नवऱ्यालाच होतं, आपल्याच घरात, आणि त्याच्या कानावर मात्र पडू द्यायचं नव्हतं. मला इतकं भरून आलं की पडद्यावरची अक्षरं दिसेनात.

"मॅडम, ऐकवू?" गिरीशचा हात बटणावर होता.

"नाही," मी म्हटलं. "नको ऐकवूस."

"टेस्ट लाल राहील."

"लाल असू दे."

"खरखर आहे का?"

तो तुकडा मी पुसून टाकला, साक्षीदाराच्या कॉम्प्युटरमधूनसुद्धा. गिरीशने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बटणावरचा हात काढून घेतला आणि अहवालात लिहिलं की मध्ये एक लहानसा खंड आहे आणि तो भरता आला नाही. संस्थेतले लोक नाराज झाले. मलाही ते थोडं लागलंच. माझ्या हातून बाहेर पडलेली ती एकमेव लाल टेस्ट.

संध्याकाळी यमुनाक्कांचाच फोन आला. "पोचलं का सगळं?"

"पोचलं. पाखरं, बेडूक, तुम्ही. कोपऱ्यातला ठिपकाही आहे. जसाच्या तसा."

"हं." त्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मधलं काही ऐकलं का त्यांनी?"

"नाही, अक्का. तेवढं ऐकायचं राहून गेलं."

पलीकडे टिटवी ओरडली.

"राहू दे ते," त्या म्हणाल्या.